शीट क्रमांक दोनशे चौदा

सुप्रजा : व्हिडिओ इथे थांबवू का, मामा?

वासुदेवराव : नको, चालू दे. आता मी फळ्याकडे वळणार आहे बघ. वळलो की निदान माझा चेहरा तरी बघावा लागणार नाही.

सुप्रजा : दहा मिनिटांच्या पाठात तुम्ही सहा मिनिटं चाळीस सेकंद फळ्याकडे होता. मी मोजलंय. मोजावं लागतं.

वासुदेवराव : मोज गे, मोज. एकतीस वर्षं मी हीच पाठ मुलांना दाखवत आलो आणि तिच्यावर मधोमध एवढं टक्कल आहे हे मला आज कळतंय. तुझी वेंकटलक्ष्मी मामी घरात इतकं बोलते, पण हे काही बोलली नाही.

सुप्रजा : दार लावते. बाहेर पुढच्या नंबरची तमिळ मंडळी बसलीत. मराठी कानावर पडलं की कुजबुज सुरू होते.

वासुदेवराव : होणारच. दोन मराठी माणसं दार लावून बसली म्हणजे त्यातला एक पास होऊनच बाहेर पडणार, असंच वाटेल त्यांना.

सुप्रजा : मराठीत मी अजून कुणाचाच पाठ तपासलेला नाही. तुम्ही पहिले. कॉफी घेणार?

वासुदेवराव : आधी निकाल सांग, मग कॉफी. सहा दिवस झाले या प्रशिक्षणाला, सुप्रजा. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गळ्यात दोरीला टांगलेलं नाव, समोर रंगीत कागद, आणि तू विचारणार, ‘तुमच्या वर्गातलं मौन कोणत्या रंगाचं आहे?’ मी करडा कागद उचलला. शेजारच्या रसायनशास्त्रवाल्याने पिवळा उचलला. त्याला तू विचारलंस, पिवळा का? तो म्हणाला, करडा यांनी घेतला म्हणून.

सुप्रजा : हसलात ना तेव्हा?

वासुदेवराव : हसलो. पण हसताना मनात हेच, की नापास झालो तर जूनपासून मला वर्ग नाही. उरलेली दोन वर्षं परीक्षा विभागात बसून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारायचे. मला दुसरं काही येत नाही गे. सकाळी साडेनऊला वर्गात शिरायचं आणि नव्वद पोरं उठून उभी राहायची. त्या एका आवाजावर मी जगलोय. बाकांच्या त्या आवाजावर.

सुप्रजा : पुढे बघू या. पाचव्या मिनिटापासून.

वासुदेवराव : पाचव्या मिनिटाला काय आहे ते मला माहीत आहे.

सुप्रजा : तरी बघावं लागेल. तुम्ही दाबून चिकटवलेल्या झाडाची शीट वर धरता. क्रमांक दोनशे चौदा. म्हणता, हे आपल्या कावेरीच्या काठचं गवत. आणि तिसऱ्या रांगेतून सूर्या उठतो.

वासुदेवराव : वाणिज्यचा नवा प्राध्यापक, पोरगाच अजून. पापनाशमचा.

सुप्रजा : तो म्हणतो, सर, हे गवत नाही, कोरै आहे. आमच्या बांधावर वाढतं. आम्ही याच्या चटईवर झोपतो.

वासुदेवराव : आणि मी?

सुप्रजा : ऐका. तुमचाच आवाज आहे.

वासुदेवराव : ऐकलं. ‘वाणिज्यवाल्यांनी हिशेब बघावा, झाडं आम्ही बघतो. बसा.’ आणि सगळे हसले. बंद कर ते.

सुप्रजा : केलं.

वासुदेवराव : काल सकाळी मी अरसलार नदीच्या काठी गेलो होतो. रोज जातो, पण रोज जातो तो चालायला. काल वाकलो. कमरेत कळ आली, तरी वाकलो. हे बघ, रुमालात गुंडाळून आणलंय. आता सुकत चाललंय. बोटांत धर.

सुप्रजा : राहू दे, मामा.

वासुदेवराव : धर तर. गवताचा दांडा गोल असतो, आतून पोकळ असतो. पहिल्या वर्षाच्या पोरालाही येतं हे. आणि हा...

सुप्रजा : याला तीन कडा असतात. आत भरीव. पेरं नाहीत.

वासुदेवराव : हो. लव्हाळ्याच्या जातीचं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी घाईत गोळा केलं मी. फुलोरा गळून गेलेला. दोन वर्तमानपत्रांत दाबलं, चिकटवलं, खाली माझ्या हाताने नाव लिहिलं. आणि त्यानंतर एकतीस वर्षं मी माझं अक्षर वाचत आलो. झाडाकडे कधी पाहिलंच नाही. दाबलेल्या दांड्याला कड राहत नाही, सुप्रजा. कागदावर सगळंच सपाट. गोल काय आणि तीनधारी काय.

सुप्रजा : हं.

वासुदेवराव : थांब. तू हातात घेतलं नाहीस.

सुप्रजा : नाही.

वासुदेवराव : बघितलंही नाहीस. मी रुमाल सोडायच्या आत तू तीन कडा म्हणालीस.

सुप्रजा : कॉफी मागवते.

वासुदेवराव : कधीपासून माहीत आहे तुला?

सुप्रजा : दोन हजार तीन. दुसरं वर्ष, ऑगस्ट.

वासुदेवराव : माझ्या वर्गात होतीस तू तेव्हा. पहिल्या बाकावर, खिडकीकडे. तुझे वडील माझ्याकडे येऊन म्हणाले होते, पोर अबोल आहे, जरा लक्ष ठेवा.

सुप्रजा : अबोल नव्हते. ते नंतरचं.

वासुदेवराव : मग बोलली का नाहीस? एवढं माहीत असून? बावीस वर्षं, गे!

सुप्रजा : बोलले होते.

वासुदेवराव : कुणाशी?

सुप्रजा : प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक गोष्ट सांगितली होती. आठवते?

वासुदेवराव : कंपासपेटीची? न आठवायला काय झालं! त्या मुलीने पेटीतून काहीतरी काढून दाखवलं, तर शिक्षकाने तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. सगळ्यांत आधी मीच बोललो. त्या माणसाला मी गाढव म्हणालो.

सुप्रजा : म्हणालात. आणि मग सगळ्यांनी आपापलं चिंतन लिहून द्यायचं होतं. हे तुमचं. वाचा.

वासुदेवराव : चष्मा... हं. ‘ज्याला प्रश्नाची भीती वाटते तो शिक्षक नव्हे. अशा माणसाला पुन्हा वर्गात पाऊल ठेवू देऊ नये. त्याने किती जणांची वाचा नेली याची मोजदाद कुठल्याही निकालपत्रकात नसते.’ बरं लिहिलंय की. भाषा जरा जड झाली.

सुप्रजा : चांगली आहे भाषा.

वासुदेवराव : त्या पेटीत काय होतं ते मात्र तू सांगितलं नव्हतंस.

सुप्रजा : नाही.

वासुदेवराव : सुप्रजा.

सुप्रजा : दोन विती लांबीचं होतं. पेटीत मावावं म्हणून तीनदा दुमडलं होतं.

वासुदेवराव : नाही.

सुप्रजा : सकाळी कालव्यावरून येताना तोडलं होतं. शीट दोनशे चौदा तुम्ही आदल्या दिवशी दाखवली होती. मला वाटलं, सर खूश होतील.

वासुदेवराव : मी नाही गे तो. मी आवाज चढवत नाही कधी. कुणालाही विचार. पोरांवर हात उचलला नाही, कुणाला वर्गाबाहेर काढलं नाही.

सुप्रजा : तुम्ही ओरडला नव्हता. हसलात. फार प्रेमाने म्हणालात, ‘सुप्रजाला आपल्या शीटची शंका आली आहे. शंका फिटेपर्यंत तिने उभं राहावं.’ मुलं हसली. मीही थोडी हसले. मग तुम्ही फळ्याकडे वळलात.

वासुदेवराव : मला आठवत नाही.

सुप्रजा : ठाऊक आहे.

वासुदेवराव : खरंच आठवत नाही. सरकलेली नजर, चुकलेला शब्द, काही तरी उरायला हवं ना माणसाजवळ? माझ्याकडे त्या दिवसाचा कपटाही नाही. तू बावीस वर्षं तो दिवस घेऊन फिरतेस, आणि मी तर तो जगलोच नाही.

सुप्रजा : पस्तीस मिनिटं होती. पंखा माझ्या डोक्यावर नव्हता. बोटं नकळत तो दांडा फिरवत होती. एक कड, दुसरी कड, तिसरी कड. मग घंटा झाली आणि तुम्ही पुस्तकं उचलून गेलात. मला ‘बस’ म्हणायचं राहून गेलं.

वासुदेवराव : आणि इथल्याच हॉलमध्ये चौसष्ट जणांसमोर तू मला तीच गोष्ट सांगितलीस. मी पुढच्या रांगेत, मान डोलावत. तुला काय वाटलं असेल?

सुप्रजा : वाटलं होतं, तुम्ही ओळखाल.

वासुदेवराव : नाही ओळखलं.

सुप्रजा : नाही. मग वाटलं, कुणीच ओळखत नसेल. माझ्या वर्गातली कुणी मुलगी उद्या माझी गोष्ट सांगेल, आणि मीही मान डोलावीन.

वासुदेवराव : तुझी कसली गोष्ट? तू हे केंद्र चालवतेस. प्रश्न कसा विचारू द्यावा हे शिकवतेस.

सुप्रजा : तुमच्या परीक्षेत मी काय लिहिलं होतं ते विचारा.

वासुदेवराव : काय?

सुप्रजा : गवत. वीसपैकी वीस. विभागात पहिली आले. तुम्हीच पेढे दिलेत.

वासुदेवराव : अय्यो, सुप्रजा.

सुप्रजा : मग तुमच्याच विभागात चार वर्षं प्रात्यक्षिकं घेतली. दरवर्षी कपाट उघडून दोनशे चौदा काढायची आणि सांगायचं, हे गवत. सांगताना माझा आवाज कधी कापला नाही. तुम्हाला निदान ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

वासुदेवराव : त्या चार वर्षांत कुणी विचारलं नाही?

सुप्रजा : एकीने. विचारलं असं नाही. हरिणी, दारासुरमची, घरी माग. रेशमाचा पीळ अंधारात बोटांनी ओळखणारी पोर. तिने शीटवर बोट फिरवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. तिला कळलं होतं, आणि मलाही कळलंय हे तिला कळलं होतं.

वासुदेवराव : आणि तू?

सुप्रजा : मी म्हटलं, परीक्षेत गवत लिही.

वासुदेवराव : कुठे असते आता ती?

सुप्रजा : तिरुनागेश्वरमला, शाळेत. विज्ञान शिकवते. म्हणून तर ती मुलांना काय सांगते हे विचारायचा धीर होत नाही.

वासुदेवराव : पाणी आहे का?

सुप्रजा : घ्या. सावकाश. मामा, मी रोज हॉलमध्ये सांगते, ‘समजलं का’ असं कधी विचारू नका, कारण उत्तर नेहमी हो असतं. आणि तास संपताना मीच विचारते, काही शंका? सहा वर्षं झाली. हे सगळे शिकलेले, शिकवणारे लोक. माझ्याकडे बघतात, मग घड्याळाकडे बघतात. एकाही माणसाने मला आजवर एक प्रश्न विचारलेला नाही. कॉफी कधी येणार, एवढं विचारतात.

वासुदेवराव : तो पेन दे इकडे. नको, तूच घे. त्या कागदावर खाली रकाना आहे ना? पात्र, अपात्र. लिही.

सुप्रजा : मामा...

वासुदेवराव : अपात्र लिही. सकाळी घरातून निघालो तेव्हा देवापाशी उभं राहून म्हटलं, विठ्ठला, एवढी दोन वर्षं वर्गात काढू दे. आता तुझ्यापुढे म्हणतो, नको. निकाल मी आधीच दिलाय, माझ्या अक्षरात. पाऊल ठेवू देऊ नये. तू फक्त सही कर.

सुप्रजा : मला करता येणार नाही.

वासुदेवराव : दया करतेस?

सुप्रजा : नाही. रकाना भरलेला आहे. यादी परवाच संध्याकाळी गेली. चौसष्टपैकी चौसष्ट पात्र.

वासुदेवराव : परवा? माझा पाठ तर परवा दुपारी चारला झाला.

सुप्रजा : यादी तीनला तयार होती. पुढच्या आठवड्यात मूल्यांकनाची समिती येतेय. कुलसचिव जयकुमार म्हणाले, एकही अपात्र दिसता कामा नये.

वासुदेवराव : मग गेला तासभर आपण काय करतोय?

सुप्रजा : पुरावा. प्रत्येकाबरोबर बसून पाठ बघितला, याची नोंद लागते. आणि एक फोटो. तुम्ही आणि मी, पडद्याकडे बघताना.

वासुदेवराव : आणि मला हे आधी सांगितलं नाहीस. मी दोन रात्री झोपलो नाही.

सुप्रजा : सांगायला मनाई आहे. सांगितलं तर गांभीर्य राहत नाही, म्हणतात.

वासुदेवराव : हसायचं का फोटोत?

सुप्रजा : मामा, नका ना.

वासुदेवराव : मी अर्ज देतो. वर्ग नको म्हणून.

सुप्रजा : कारण लिहावं लागेल.

वासुदेवराव : आहे की कारण. हा माझ्या चिंतनाचा कागद जोडतो.

सुप्रजा : तो अहवालात गेलाय. उत्कृष्ट चिंतन म्हणून, तुमच्या नावासकट. समितीला वाटायच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर. छापून आलाय.

वासुदेवराव : म्हणजे मला वर्गात येऊ देऊ नये असं मी लिहिलं, म्हणून मी वर्गात जायला पात्र.

सुप्रजा : जूनपासून तुमच्या नावावर पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या आहेत. एकशे ऐंशी मुलं.

वासुदेवराव : ती शीट तरी जाळून टाकू दे. नाहीतर नाव तरी बदलू दे. किल्ली माझ्याकडे आहे.

सुप्रजा : एप्रिलच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दोनशे चौदा आहे. उत्तरांचा कागद सीलबंद होऊन गेला. आता नाव बदललंत तर खरं लिहिणाऱ्याचे गुण जातील.

वासुदेवराव : आणि नाही बदललं तर?

सुप्रजा : तरी जातील. खरं लिहिणाऱ्याचेच.

वासुदेवराव : पोदुम. पुरे झालं आता.

सुप्रजा : मी पत्र लिहून पाहीन. जयकुमार म्हणतील, समिती जाऊ दे. समिती गेली की म्हणतील, सुट्टी संपू दे. जून उजाडेल.

वासुदेवराव : एक विचारू? त्या दिवशी तू उठलीस ती एवढंच सांगायला, की हे कोरै आहे?

सुप्रजा : नाही. ते तर दिसतच होतं. त्यासाठी कशाला उठेन?

वासुदेवराव : मग?

सुप्रजा : मला एक विचारायचं होतं.

वासुदेवराव : विचार.

सुप्रजा : आता? वेडेपणा आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीचा प्रश्न होता तो.

वासुदेवराव : तिलाच विचारू दे. मी फळ्याकडे वळणार नाही.

सुप्रजा : मला विचारायचं होतं, सर, की झाड कागदात दाबलं म्हणजे त्याची तिसरी कड कुठे जाते?

(खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.)

सुप्रजा : मामा? का उठलात? जायचंय?

वासुदेवराव : नाही.

सुप्रजा : मग बसा ना. गुडघे दुखतात तुमचे.

वासुदेवराव : शंका अजून फिटलेली नाही, सुप्रजा.

सुप्रजा : नसू दे. बसा. बाहेर लोक थांबलेत. बसा ना, सर.

वासुदेवराव : राहू दे. घंटा व्हायला अजून अवकाश आहे.